अंगावरच्या कपड्यांनिशी

जयपूरच्या चारदीवारीतल्या, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरातल्या बाजारात लग्नाचा लहंगा घ्यायला गेलात तर दुकानदार हाका मारून आत बोलावतात, गादीवर बसवतात, चहा मागवतात. मला लहंगा नको होता. मला पोहायचा पोशाख पाहिजे होता, आणि त्यासाठी मी आणि आई भर दुपारी दुकानं पालथी घालत होतो. जिथं जाऊ तिथं एकच प्रश्न.

"बच्ची के लिए?"

"मेरे लिए," मी सांगायची.

मग दुकानदार आईकडे बघायचा आणि आई रस्त्याकडे बघायची.

शेवटी खेळाच्या सामानाच्या एका दुकानात मागच्या कपाटातून एक काळा पोशाख निघाला. दुकानदारानं तो मला न दाखवताच वर्तमानपत्रात गुंडाळला आणि आईच्या हातात दिला. मी पुडकं तिच्याकडून घेतलं, तिथंच काउंटरवर उलगडलं, पोशाख ताणून शिवण तपासली आणि खांद्याशी धरून मापाचा आहे का ते पाहिलं. दुकानात आणखी गिऱ्हाइकं होती. आई बाहेर जाऊन उभी राहिली.

रिक्षात ती एवढंच म्हणाली, "तुले जराशीबी लाज नाई वाटली?"

"कापडच तर आहे, आई."

ही दोन हजार दोनची गोष्ट. बाबा रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते. वर्ध्याकडून बदली होऊन आम्ही जयपूरला आलो होतो आणि दुर्गापुऱ्याला, स्टेशनजवळच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. घरात वऱ्हाडी, बाहेर हिंदी, कॉलेजात इंग्रजी. देवनागरी मी शाळेतल्या हिंदीतून शिकले, त्यामुळे माझ्या मराठीत अजूनही मधूनच 'मतलब' निघतं. निघू दे.

मुलींच्या आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षी एक तरी खेळ घ्यावाच लागायचा. बॅडमिंटनपुढे रांग होती, बास्केटबॉलपुढे रांग होती. पोहण्याच्या टँकशी फक्त खेळाच्या मॅडम उभ्या होत्या, गळ्यात शिट्टी, केस पुरुषांसारखे कापलेले. त्यांनी मला विचारलं, "तैरना आता है?" मी नाही म्हटलं. "तो फिर उतरो," त्या म्हणाल्या. मला रांगेत उभं राहायचा कंटाळा होता, एवढंच माझं पोहण्याकडे वळण्याचं कारण. पाण्यात उतरल्यावर मात्र दुसऱ्या कारणाची गरज उरली नाही. जयपुरात उन्हाळ्यात टँकरपुढे बादल्या घेऊन भांडणारी आम्ही माणसं. एवढं पाणी एका जागी, आणि त्यात मी आख्खी, हे मला पहिल्या दिवशी खरंच वाटलं नाही.

आई तो पोशाख टॉवेलखाली लपवून वाळत घालायची. तो वाळायचा नाही, कुबट वास यायचा. एके दिवशी मी तो उचलला आणि क्वार्टरच्या समोरच्या तारेवर, बाबांच्या खाकी शर्टाच्या शेजारी टाकला. संध्याकाळी बाबा ड्युटीवरून आले ते तारेपाशीच थांबले.

"हे काय होय?"

"माझा पोहायचा ड्रेस."

"कोनाले विचारून?"

आता आमच्या घरचं एक सांगायला पाहिजे. दर वीस मार्चला बाबा रेल्वेतली आपली चार-पाच बौद्ध घरं जमवायचे आणि महाडच्या तळ्याची हकिकत सांगायचे. माणसं कशी रांगेनं तळ्याकडे गेली, कशी ओंजळ भरली. सांगताना त्यांचा आवाज भरून यायचा. मी ते चालता यायला लागल्यापासून ऐकत आले होते. त्या संध्याकाळी मी तेच काढलं. म्हटलं, ज्या घरात दरवर्षी पाण्याची गोष्ट सांगतात, त्या घरात पाण्यात उतरायला परवानगी कसली?

"महाडले लोकं पानी प्यासाठी गेले होते," बाबा म्हणाले. "पोहासाठी नाई."

"पाणी आपलंही आहे, हे सांगायला गेले होते. तुम्हीच सांगता."

"लय तोंड सुटलं तुयं."

दुसऱ्या दिवशी सकाळी पोशाख तारेवरच होता. कुणी काढला नव्हता. मी ते होकारात धरलं.

टँकमध्ये बहुतेक मुली अधिकाऱ्यांच्या, डॉक्टरांच्या घरच्या. जवाहर नगरला राहणारी एक जण माझ्या लेनमध्ये असायची. तिनं एकदा माझं पूर्ण नाव विचारलं. आडनावावरून तिला जातीचा अंदाज लागेना. "महाराष्ट्र की हो, मतलब मराठा?" मी म्हटलं, "नहीं, बौद्ध." ती "अच्छा" म्हणाली आणि दुसऱ्या दिवसापासून पलीकडच्या लेनमध्ये गेली. मी काठावर बसून जरा वेळ ते बघितलं. दोन लेनच्या मध्ये एक दोरी असते, तिच्याखालून पाणी इकडून तिकडे सारखं जात असतं. मग मी उतरले आणि तिच्याआधी पलीकडच्या काठाला हात लावला. त्या वर्षी रोज लावला.

दुसऱ्या वर्षी कॉलेजच्या भिंतीपलीकडे एक इमारत उभी राहायला लागली आणि वरच्या मजल्यावरून टँक दिसतो अशी तक्रार कुणाच्या तरी पालकांनी केली. आम्हाला वाटलं, भिंत उंच करतील. टँकला कुलूप लागलं. आम्ही मुली प्राचार्यांकडे गेलो. त्या म्हणाल्या, समिती विचार करते आहे. समितीनं विचार केला आणि तोडगा काढला: मुलींनी सलवार-कमीज घालून पोहावं, ओढणी खांद्याला पिन लावून. टँक उघडेल.

पुष्कळ मुली तयार झाल्या. काही नसण्यापेक्षा हे बरं, असं त्यांचं म्हणणं. मॅडम मात्र रागानं लाल झाल्या. कपड्यांत माणूस बुडतो, हे त्या समितीला समजावून थकल्या. मी म्हटलं, "समजावून कशाला? दाखवू या."

समिती बघायला आली. प्राचार्या आणि दोन गृहस्थ, टँकच्या काठाला खुर्च्या टाकून. मी कॉलेजला घालायची तीच सुती सलवार-कमीज घातली होती, ओढणी सांगितल्याप्रमाणे दोन्ही खांद्यांना पिनांनी लावलेली. मॅडम लांब बांबू घेऊन उभ्या राहिल्या. मी खोल बाजूनं उडी मारली.

मला वाटलं होतं की थोडं नाटक करावं लागेल. नाटकाची वेळच आली नाही. सलवार आधी फुग्यासारखी फुगली, मग तिच्यात पाणी भरलं आणि कुणीतरी दोन्ही पाय धरून खाली ओढावं तशी मी खाली गेले. हात मारायला गेले तर ओढणी कोपरात गुंतली. वर आले, श्वास घेतला, त्यात निम्मं पाणी. परत खाली. मॅडमचा बांबू डोक्यावर दिसत होता. तो धरायचा नाही, असं मी ठरवलं होतं, आणि ते ठरवणं किती मूर्खपणाचं होतं हे मला पाण्याखाली कळलं. पण धरला नाही. पिना तोडल्या, ओढणी सोडली, कशीबशी काठाला लागले आणि प्राचार्यांच्या पायांपाशी ओकले.

"इसे ठीक से तैरना नहीं आता," समितीतले एक गृहस्थ म्हणाले.

मागच्याच महिन्यात आंतरकॉलेज स्पर्धेचं पदक त्यांनीच माझ्या गळ्यात घातलं होतं. मी खोकत खोकत त्यांना ते सांगितलं. बाकीच्या मुली हसल्या. गृहस्थ उठून गेले.

भिंतीवर पत्रे लागले, टँक उघडला, आमचे पोशाख परत अंगावर आले. पण मॅडमनी त्या दिवशी माझा चेहरा बघितला होता. पुढच्या आठवड्यापासून त्यांनी एक नवा तास सुरू केला. सगळ्या जणी पूर्ण कपड्यांत. पाण्याखाली ओढणी कशी सोडवायची, कमीजमध्ये हवा धरून तरंगायचं कसं, घाबरल्यावर उताणं होऊन नुसतं पडून कसं राहायचं. पडून राहणं सगळ्यांत अवघड. घाबरलेलं शरीर पडून राहत नाही, त्याला शिकवावं लागतं.

मी शेवटच्या वर्षाला असताना त्सुनामी आली. आम्ही ती टीव्हीवर पाहिली, सगळ्यांनी पाहिली तशीच. नव्या वर्षात कॉलेज सुरू झालं तेव्हा मॅडम मला त्यांच्या खोलीत घेऊन गेल्या. कोलंबोत त्यांची एक जुनी मैत्रीण होती. दोघी तरुणपणी स्पर्धांत एकमेकींविरुद्ध पोहल्या होत्या. ती आता तिथल्याच दक्षिण किनाऱ्यावरच्या एका गावात मदतीचं काम करत होती आणि फोनवर रडली होती.

"मासेमारांचं गाव," मॅडम म्हणाल्या, "आणि बायकांना पोहता येत नाही. मुलगे समुद्रातच वाढतात. मुलींना कोणी शिकवत नाही. लाट आली तेव्हा पुरुष पोहले, झाडांवर चढले. बायका कपड्यांत गुंतल्या."

पुढचं त्यांनी बोलायची गरज नव्हती. मला कोपरात गुंतलेली ओढणी आठवली. टँकला काठ होता, बांबू होता, मॅडम होत्या.

"त्यांना शिकवायला बाई पाहिजे," मॅडम म्हणाल्या. "पगार नाही. राहणं-जेवण गावात. तू जाशील का, विचार कर."

"जाईन," मी म्हटलं.

घरी हे सांगितलं त्या दिवशी आईनं पोळपाट बाजूला सारला. पदवी झाली की बँकेची, रेल्वेची परीक्षा द्यायची, हे घरात न बोलता ठरलेलं होतं. बाबांची हयात रुळांवर उन्हातान्हात गेली ती मी पंख्याखाली बसावं म्हणून.

"लोकं फॉरेनले कमावाले जातात," आई म्हणाली. "तू फुकट राबाले जाशीन? अन् समुद्रात? लोकं काय म्हनतीन?"

"म्हणू दे."

"तुयं लग्न?"

"तेही पाण्यात जाऊ दे."

बाबा उठून बाहेर गेले, आणि ते मला आईच्या बोलण्याहून जड गेलं. मी परीक्षेला बसले नाही. उन्हाळाभर सकाळी लहान मुलींना पोहायला शिकवून तिकिटाची सोय केली आणि पासपोर्टसाठी अर्ज केला.

चौकशीला पोलीस घरी आला. पोट सुटलेला, स्वभावानं बरा असावा असा माणूस. खुर्चीत बसला, आईनं दिलेलं पाणी प्यायला, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि बाबांना म्हणाला, "बाबूजी, जवान लड़की को अकेली बाहर क्यों भेज रहे हो?"

मी तोंड उघडणार होते. बाबांनी हात वर केला.

"भेज नहीं रहे," बाबा म्हणाले. "जा रही है."

पोलिसाला फरक कळला की नाही माहीत नाही. मला कळला. तो गेल्यावर मी बाबांकडे बघत राहिले, तर ते म्हणाले, "काय पाह्यतं? चेन्नईपर्यंत पासवर जाशीन ना? का तेबी विमानानं?"

पावसाळा सरता सरता मी त्या गावात पोचले. मॅडमच्या कोलंबोच्या मैत्रिणीला मी ताई म्हणायची; त्यांनी मला ज्या घरी ठेवलं तिथल्या बाईला सगळं गाव अक्का म्हणायचं. आपल्यासारखंच, थोरल्या बहिणीला अक्का. ती काथ्याचे दोर वळायची. नवरा बोटीवर जायचा. लाटेच्या दिवशी तो खोल समुद्रात होता, त्याला काही कळलंही नाही. अक्का नारळाच्या झाडात अडकून वाचली. तिची मुलगी वाचली नाही.

तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला येत नव्हती. पहिल्या संध्याकाळी ती बुद्धमूर्तीपुढे दिवा लावून बसली आणि त्रिसरण, 'बुद्धं सरणं गच्छामि', म्हणायला लागली. मी मागं बसून तिच्याबरोबर म्हणू लागले, शब्द तेच, आमच्या क्वार्टरमध्ये दर रविवारी म्हणायचो तेच. ती मधेच थांबली, वळून माझ्याकडे बघितलं, आणि परत पहिल्यापासून सुरू केलं, माझ्यासाठी सावकाश.

गावाजवळ खडकांच्या आड समुद्राचं एक शांत पाणी होतं, बाहेर लाटा फुटायच्या पण आत येईपर्यंत त्यांचा जोर मरायचा. वर्ग तिथं. पहिल्या दिवशी मी माझा पोशाख घालून उभी. बायका विहिरीवर आंघोळीला गुंडाळतात तसं कापड छातीपासून गुडघ्यापर्यंत गुंडाळून आलेल्या, काही जणी तर झगा आणि वर ब्लाऊज. खडकांवर गावातले पुरुष जमलेले. कुणी पाण्यात उतरेना.

मी ताईंना म्हटलं, "कोलंबोहून पोशाख मागवू या. हे कापड पायात येईल, मी स्वतः बुडता बुडता वाचले आहे." जयपूरला एवढं भांडून मिळवलेली गोष्ट होती ती माझी. मी जोरात बोलत होते. ताईंनी अक्काला सांगितलं. अक्कानं माझ्या काळ्या पोशाखाकडे पाहिलं, मग स्वतःच्या कापडाकडे, आणि लांबलचक काहीतरी बोलली. मी ताईंकडे बघितलं.

"काय म्हणते?"

"म्हणते, लाट आली तेव्हा आम्ही ह्याच कपड्यांत होतो. परत आली तर ती आम्हाला कपडे बदलायला वेळ देणार आहे का? म्हणते, तू घाल तुझं. आम्हाला ह्यात शिकव."

समितीनं माझ्यावर कपडे लादले म्हणून मी भांडले होते. मी ह्यांच्यावर माझे लादायचे, तर माझ्यात आणि त्या खुर्च्यांवरच्या गृहस्थांत काय फरक? आणि मॅडमचा तो पूर्ण कपड्यांतला तास मला तोंडपाठ होता. मी घरी गेले, सलवार-कमीज घालून आले आणि तशीच पाण्यात शिरले. बायका हसल्या. मग अक्का शिरली. तिच्यामागं बाकीच्या.

कंबरभर पाण्याच्या पुढे न्यायला कित्येक आठवडे गेले. पाण्यात तोंड बुडवलं की काही जणींना रडू फुटायचं. मी दोनच वाक्यं घोकली होती. 'बय वेन्न एपा', घाबरू नका. 'हुस्म गन्न', श्वास घ्या. भय हा शब्द तिकडेही जवळजवळ तसाच आहे, त्यामुळे तो मला पाठ करावा लागला नाही. एकेकीच्या पाठीखाली मी तळहात धरायची. आधी सगळं शरीर लाकडासारखं ताठ. मग मान सैल पडायची, मग खांदे. मग मी हात काढून घ्यायची, आणि तिला ते कळायचंही नाही.

अक्का शिकत नव्हती. म्हणजे हातपाय मारायला शिकली, पण उताणी पडायची नाही. कानांत पाणी गेलं की ताडकन उभी राहायची. त्यात गावातल्या पुरुषांची बोलणी. समुद्राला बायका चालत नाहीत, जाळ्याला मासळी लागेनाशी होईल, असलं काहीबाही. अक्काचा नवरा वाईट नव्हता, पण एकदा जेवताना तोही म्हणाला, "तुला कशाला पाहिजे हे सगळं? मी आहे ना."

तोवर मला बोलणं थोडं समजायला लागलं होतं. अक्कानं भात वाढता वाढता विचारलं, "तेव्हा होतास?"

त्यानंतर त्या घरात कुणी तिला काही विचारलं नाही.

डिसेंबरात लाटेला वर्ष होणार होतं. त्या दिवशी विहारात भिक्खूंना दान, गेलेल्यांच्या नावानं दिवे. गावातल्या थोरांनी ताईंना निरोप दिला की त्या दिवशी वर्ग नको. शोकाचा दिवस आहे, बायका पाण्यात खेळताना बरं दिसणार नाही. ताई म्हणाल्या, ठीक आहे. मीही ठीक आहे म्हटलं. परकं गाव, परकं दुःख.

दान झालं. बायका विहारातून निघाल्या, सगळ्यांच्या अंगावर पांढऱ्या साड्या. घराकडे वळायच्या ठिकाणी अक्का वळली नाही. सरळ किनाऱ्याकडे चालायला लागली. मागून दोघी-तिघी, मग सगळ्याच. विहारापाशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांपैकी एकानं काहीतरी विचारलं. अक्का चालता चालताच बोलली. "दान देऊन झालं. मेलेल्यांचं करून झालं."

मी धावत पुढे गेले, कारण दुःख कुणाचंही असो, पाण्यावर लक्ष ठेवायचं काम माझं होतं. त्या साड्यांसकट आत शिरल्या. पांढरं कापड पाण्यावर फुगलं, पसरलं, पण हे सगळं आम्ही केलेलं होतं. पदर कसा सोडायचा, निऱ्या कशा ढिल्या करायच्या, सगळ्या जणींना येत होतं. एकेक करून त्या उताण्या झाल्या. अक्का उभीच होती, गळ्याइतक्या पाण्यात. मी तिच्याकडे गेले आणि पाठीखाली हात धरायला लागले, तर तिनं माझा हात बाजूला केला. डोळे मिटले, कान पाण्यात जाऊ दिले आणि पडली. पडून राहिली. किती वेळ ते मी बघितलं नाही. किनाऱ्यावर सगळं गाव येऊन उभं होतं.

उठल्यावर ती नाक शिंकरत म्हणाली की साडीत फार जड होतं, ह्याचा सराव जास्त पाहिजे.

पुढच्या काही महिन्यांत अक्का आणि आणखी एक जण स्वतः शिकवायला लागल्या. शेजारच्या गावातल्या मुली यायला लागल्या. व्हिसा संपत आला तेव्हा मी ताईंना म्हटलं की वाढवून घेते, अजून खूप काम आहे. रात्रीच्या जेवणाआधी अक्कानं मला अंगणात बसवलं. ती सावकाश बोलली, मला नीट कळावं म्हणून.

"तू जा आता. तू काठावर असलीस की बायका तुझ्याकडे बघतात. माझ्याकडे बघत नाहीत."

मी म्हटलं, मी मागे बसेन, बोलणार नाही. ती म्हणाली, "तू? बोलणार नाहीस?" आणि हसली.

मला वाईट वाटलं. घरच्यांशी भांडून आले, वर्षभर राबले, आणि आता जा म्हणतात. ते वाईट वाटणं बस येईपर्यंत पुरलं. बस सकाळची होती, वर्गाच्याच वेळेची, त्यामुळे पोचवायला कुणी आलं नाही. रस्ता किनाऱ्यालगत जातो. खिडकीतून मला खडकांआडचं ते पाणी दिसलं आणि त्यात डोकी दिसली. अक्का कंबरभर पाण्यात उभी राहून कुणावर तरी ओरडत होती.